राखेचं सिमेंट म्हणजे भेसळ? नाही!

नागपुरात घर बांधायला काढलं की कुणीतरी सांगतंच, "पीपीसी घेऊ नका, त्यात कोराडीची राख मिसळतात." पीपीसी म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, आणि कोराडी म्हणजे नागपूरजवळचं औष्णिक वीज केंद्र. हा भेसळीचा समज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चुकीचा आहे.

पीपीसीत राख असते हे खरं. पण ती चोरून घातलेली नसते. भारतीय मानक १४८९ नुसार ती १५ ते ३५ टक्के असावीच लागते आणि गोणीवर तसं छापलेलंही असतं. ही चुलीतली राख नव्हे. औष्णिक केंद्रात कोळशाची भुकटी जळल्यावर धुरातून पकडलेली ही फ्लाय अॅश, चिमटीत धरली तर पिठीसारखी लागते. सिमेंटला पाणी लागलं की चुना सुटतो, राखेतली सिलिका त्याच्याशी जुळते आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजतात. शिवाय राखेइतकं क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मूळ घटक, वाचतं, म्हणजे चुनखडी भाजताना निघणारा कार्बनही तेवढा कमी.

मग तक्रारी का येतात? पीपीसीला ताकद यायला वेळ लागतो, आणि आपण पाणी मारण्यातच कंजूषी करतो. मानक ४५६ प्रमाणे अशा सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी, कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवस दिलेले बरे. आपल्या मे महिन्यात सकाळी भिजवलेलं गोणपाट दुपारी कडक वाळलेलं असतं. कॉलमला हात लावून बघा. कोरडा लागला, तर मिस्त्रीला लगेच पाणी मारायला सांगा.