काळे गाऊन, चुनखडीचा दगड आणि पोळ्याच्या झडत्या

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण विदर्भातल्या खेड्यांत अनुभवातून बोलली जाते. धुऱ्याचा नाहीतर पांदणीचा दावा एकदा तालुक्याच्या कोर्टात लागला की पेशीमागून पेशी पडत जाते, आणि ऐन सोयाबीन सोंगणीत शेतकरी एसटीनं तारखेला निघतो. या हवालदिल अशिलाला आणि त्याच्यापुढं हात उडवणाऱ्या वकिलाला एकोणिसाव्या शतकात छपाईच्या दगडावर जिवंत केलं ते फ्रान्सच्या ओनोरे दोमिए या व्यंगचित्रकारानं.

दोमिए १८०८ साली मार्सेयला जन्मला. बाप काचा बसवणारा कारागीर. घरात पैसा नव्हता, म्हणून पोरवयातच तो पॅरिसमध्ये एका बेलिफाकडे निरोप्या म्हणून लागला. कोर्टाचं जग त्यानं पाहिलं ते असं, खालच्या पायरीवरून. पुढे राजा लुई फिलिपला जनतेचा पैसा गिळणारा राक्षस म्हणून रंगवल्याबद्दल १८३२ मध्ये त्याला तुरुंगात जावं लागलं. १८३५ च्या कायद्यानं राजकीय व्यंगचित्रांचं तोंड बांधलं, तेव्हा तो समाजाकडे वळला. १८४५ ते १८४८ या काळात ‘ल शारिव्हारी’ या दैनिकात त्याची न्यायालयातल्या माणसांवरची मालिका छापून आली.

त्यातलं एक चित्र माझ्या मनातून जात नाही. वकील आपल्या अशिलाला सांगतो, खटला तुम्ही हरलात हे खरं, पण माझा युक्तिवाद ऐकताना तुम्हाला आनंद तर झाला असेल! दुसऱ्यात सरकारी वकील आरोप करत असताना आरोपीचा वकील त्याला बजावतो, निदान एका डोळ्यानं तरी रडा. या ओळी बहुतेक वेळा संपादक मंडळी लिहीत. पण फुगलेले गाऊन, ताठ हनुवट्या आणि आवळलेले ओठ हे सगळं दोमिएचं. त्याचा राग कायद्यावर नाही, कायद्याचं नाटक करून गरिबाला प्रेक्षक बनवण्यावर आहे.

त्याच्या आधी इंग्लंडमध्ये विल्यम होगार्थनं १७५८ मध्ये पेंगणारे न्यायाधीश छापले होते. पण तांब्याचा पत्रा कोरणं सावकाशीचं काम. १७९० च्या दशकात आलोइस झेनेफेल्डरनं शिळाछाप शोधला आणि वेग आला. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं रेखाटायचं, दगड ओला करायचा, शाई फिरवायची. शाई तेलकट रेषेलाच धरते, ओल्या जागेला नाही. कोरणं नाही, त्यामुळे हात कागदावर चालावा तसा चालतो. दोमिएची अशी चित्रं चार हजारांच्या घरात आहेत.

हाच दगड महाराष्ट्रातही आला. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ चा, राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ चा. त्यांतून मुख्यतः देवदेवता आणि पुराणातले प्रसंग घरोघरी गेले. विदर्भातली टवाळी मात्र तोंडीच राहिली. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी तोंडी कवनं, सुरू होतात. सावकार, पुढारी, सरकार, कुणाची गय नसते. शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेला बाईचा पुतळा, मिरवत निघते. नागपुरात १८८० च्या दशकापासून ही मिरवणूक चालत आली आहे आणि तिच्यातले बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, दरवर्षी ताज्या विषयांवर बोट ठेवतात. मग ते जाळले जातात.

दोमिएचा कागद उरला, म्हणून आज आपण त्या अशिलाचा चेहरा पाहू शकतो. आपल्याकडच्या झडत्या शाळांतल्या चित्रकला शिक्षकांनी पोरांकडून लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून, छापून घ्याव्यात असं मला फार वाटतं. त्यासाठी जड दगड लागत नाही. लिनोचा तुकडा, कोरणी, शाई आणि एक रूळ पुरतो. फक्त अक्षरं उलटी कोरायची.