पिल्लू पडलंय की बाहेर पडलंय?

एप्रिल लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तोच फोटो येतो. पार्किंगमध्ये पिल्लू बसलंय, चोचीच्या कडा पिवळ्या, शेपटी बोटाच्या पेराएवढी, आणि खाली मेसेज, "घरट्यातून पडलंय, आई सोडून गेली, कुणाकडे बुटाचा खोका आहे का?" बहुतेक वेळा ते पडलेलं नसतंच, आपल्या पायांनी घरटं सोडून आलेलं असतं.

खरंच पडलेलं पिल्लू कुणालाही कळतं. उघडं अंग, डोळे मिटलेले नाहीतर अर्धवट, पिसं अजून नळीत अडकलेली म्हणून अंगावर काटे आल्यासारखी, पायावर उभं राहता येत नाही. ते उचलायचं आणि घरटं सापडलं तर परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकते, हे साफ खोटं आहे.

घोळ होतो तो दुसऱ्याचा. अंगभर पिसं, शेपटी आखूड, उडायला गेलं की दोन फूट जाऊन धपकन खाली, म्हणून लोकांना वाटतं बिचारं जखमी आहे. तर नाही, त्या वयात ते तसंच उडतं! पिवळ्या कडा बघून वय ठरवू नका, त्या घरटं सोडल्यावरही काही दिवस राहतात. पाय बघा. फांदी, गज, कुंडीची कड पकडून नीट बसतंय, टुणटुण उड्या मारतंय, तर ते बाहेर पडलेलं आहे.

नीट उडता येत नाही तर एवढ्या लवकर बाहेर का येतं, हा प्रश्न बरोबर आहे. कारण घरटं वाटतं तेवढं सुरक्षित नसतं. तीन पिल्लं एकाच वाटीत ओरडत असतात, आई-बाप दिवसभर अळ्या-किडे घेऊन ये-जा करतात, आणि ते कावळा बघतो, भारद्वाज बघतो, खारही बघते. एकदा सापडलं की तिन्ही संपली. तेच पिल्लं वेगवेगळ्या झुडपांत पांगली तर एक गेलं तरी बाकीची वाचतात. लालबुड्या बुलबुलाची पिल्लं साधारण 12 दिवसांतच घरटं सोडतात आणि पुढचे काही दिवस आई-बाप त्यांना बाहेरच भरवतात.

आमच्या गॅलरीतल्या मधुमालतीत बुलबुलाचं घरटं होतं. पहिलं पिल्लू ग्रिलवर आलं आणि तासभर हललंच नाही, मला वाटलं संपलं सगळं. मी आत जाऊन पडदा ओढला तर दोन मिनिटांत आई चोचीत हिरवी अळी घेऊन हजर. मी तिथे उभी होते म्हणूनच ती येत नव्हती. आई दिसत नाही म्हणजे सोडून गेली असं नसतं, आपण हटत नाही म्हणून ती लांब बसलेली असते, त्यामुळे आधी लांब जा आणि तासभर तरी बघा.

आणि प्लीज दूध-पाव भरवू नका, मला याचा फार त्रास होतो. पक्ष्याचं पिल्लू दूध पीत नाही. ड्रॉपरने पाणीही नको, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट आत जातं. शेजारच्या इमारतीतल्या एका घरी असंच धडधाकट पिल्लू खोक्यात घालून रात्रभर दूध पाजलं, सकाळी मेलेलं होतं, आणि त्याची आई खाली पेरूच्या झाडावर ओरडत होती.

रस्त्यात किंवा मांजराच्या तोंडाशी बसलं असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, एवढंच. मांजराने धरलं असेल, रक्त दिसत असेल, पंख लोंबत असेल तर मात्र थांबू नका, वनविभागाच्या 1926 ला फोन करा.

एकच अपवाद, पाकोळी. तिची पिल्लं घरट्यातून निघतात ती थेट हवेत, खाली आली तर आई-बाप भरवायला येत नाहीत. लांब कोयत्यासारखे पंख आणि एवढेसे पाय असलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर तासभर वाट बघू नका, लगेच फोन लावा.