मॅमी टू शूज

मॅमी टू शूज म्हणजे टॉम अँड जेरीच्या जुन्या कार्टून्समधली ती कृष्णवर्णीय बाई, जिचे फक्त पाय, सपाता, अ‍ॅप्रन आणि हातातला झाडू दिसतो. आपल्याकडे ज्यांनी केबलवर टॉम अँड जेरी बघितलंय त्यांना ती लगेच आठवेल, पण तिला नाव आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ती पहिल्याच कार्टूनपासून आहे. १० फेब्रुवारी १९४० ला एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचं 'पुस गेट्स द बूट' आलं, तेव्हा टॉमचं नाव जॅस्पर होतं आणि हीच त्याला दम देते की अजून एक वस्तू फुटली तर घराबाहेर. टॉम-जेरी फारसं बोलत नाहीत, त्यामुळे त्या घरात माणसाचा आवाज म्हणजे बहुतेक वेळा हिचाच, आणि तिचं ते 'थॉमस!' ओरडणं ऐकलं की पुढे काय होणार ते कळतंच. आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा, पण तिचं नाव श्रेयनामावलीत यायचं नाही, हे मला चेहरा न दाखवण्याइतकंच खटकतं.

'मॅमी' हा अमेरिकेतला जुना साचा आहे, म्हणजे गोऱ्यांच्या घरात राबणारी, जाडजूड, दक्षिणेकडच्या बोलीत बोलणारी बाई. त्याच १९४० च्या फेब्रुवारीत हॅटी मॅकडॅनिएल या अभिनेत्रीला 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातल्या मॅमीसाठी ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, आणि समारंभात तिला बसवलं होतं वेगळ्या टेबलावर. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना हॉलिवूडमधल्या असल्या भूमिकांवर सतत आक्षेप घेत होती. कार्टूनमधली मॅमी १९५२ च्या 'पुश-बटन किटी'नंतर दिसली नाही.

पण ती नुसती कामवाली आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही. काही भागांत घर तिचंच वाटतं, १९५० च्या 'सॅटरडे इव्हनिंग पुस'मध्ये तर ती नटूनथटून ब्रिज हा पत्त्यांचा खेळ खेळायला जाते, आणि टॉमच्या पार्टीचं कळल्यावर धावत परत येताना क्षणभर तिचा चेहराही दिसतो.

१९६० च्या दशकात टीव्हीसाठी तिला काही भागांत पुसूनच टाकलं, तिच्या जागी गोरी बाई काढली आणि 'सॅटरडे इव्हनिंग पुस'मध्ये तर सडपातळ गोरी मुलगी, आवाज जून फोरे या अभिनेत्रीचा. पुढे १९९० च्या दशकात चित्र जुनंच ठेवून थिया विडेल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून संवाद पुन्हा बोलून घेतले, बोली थोडी सौम्य करून. दोन्ही वेळा लिलियन रँडॉल्फचा आवाज मात्र गेला, आणि माझ्या मते हा तिच्यावर झालेला दुसरा अन्याय आहे.

स्फोट झाला की टॉमचं तोंड काळं, ओठ जाड आणि डोक्यावर वेण्या, हा विनोदही त्याच जातीचा, मॅमीपेक्षा जास्त वाईट, कारण त्यात माणूसच नाही, फक्त थट्टा आहे. 'माउस क्लीनिंग' (१९४८) आणि 'कॅसानोव्हा कॅट' (१९५१) असल्याच प्रसंगांमुळे वादात आले. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉन आणि आयट्यून्सवर या मालिकेला वांशिक पूर्वग्रहाबद्दलची सूचना लागलेली लोकांच्या लक्षात आली, तेव्हा बरीच आरडाओरड झाली. मला ती सूचना बरोबर वाटते, कारण तिच्यासोबत मूळ कार्टून आणि मूळ आवाज दोन्ही राहतात.