दुखणं कोणाचं खरं मानायचं?

ऐन थंडीत नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याजवळच्या उसाच्या फडात एक पावरा आदिवासी तरुण बांधावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला मी पाहिला होता. विशीही गाठली नसेल. डोळ्यांत पिवळसर झाक. रात्रीपासून हाडं फुटताहेत, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मुकादम म्हणाला, "यांचं रोजचंच आहे. उचल घेताना नाही दुखत!"

दोन महिन्यांनी त्याच्या पाड्यावर रक्ततपासणी झाली. पॅटर्न 'एसएस' निघाला. म्हणजे सिकलसेल. त्या सकाळी तो जे सोसत होता, त्यासाठी शहरातल्या दवाखान्यात मॉर्फिन देतात.

या आजाराचं मूळ फार बारीक आहे. अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एकच अक्षर बदलतं. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून मोकळं झालं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ दोर तयार होतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी इळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या हाडाला रक्तच पोचत नाही आणि कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे. थंडी, तहान, ताप, अतिश्रम यांनी दुखणं उसळतं. ऊसतोडीत यातलं काय नसतं?

बदललेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं, तर 'एसएस'. एकाकडूनच आलं, तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक बहुधा जन्मभर ठणठणीत राहतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' असण्याची शक्यता 25 टक्के. दोष मात्र सुनेच्याच पदरात टाकला जातो, हे मी सातपुड्याच्या पायथ्याला इतक्यांदा ऐकलंय की इथे स्पष्ट लिहायलाच हवं: अशा बाळाच्या आजारातला निम्मा वाटा बापाचा असतो.

1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत याला 'काळ्यांचा आजार' म्हटलं गेलं. गोऱ्या माणसात तो आढळला, की डॉक्टर त्याच्या वंशावळीत कोणी काळा पूर्वज होता का, हे शोधायला लागत. मग 1952 साली निलगिरीतल्या आदिवासींत तेच हिमोग्लोबिन सापडलं. ग्रीसमधल्या काही गावांतही ते आहे, आणि आफ्रिकेच्या अगदी दक्षिण टोकाला मात्र फारसं नाही. कातडीच्या रंगाचा नकाशा त्याच्याशी जुळत नाही. जुळतो तो हिवतापाचा. 1954 साली अँथनी अॅलिसन यांनी दाखवून दिलं, की 'एएस' मुलांना जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळतं. जिथे डासांनी पिढ्यान्‌पिढ्या लेकरं नेली, तिथे हे जनुक टिकून राहिलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या जंगलपट्टीत ते का आहे, त्याचं उत्तर यात आहे.

वंशाच्या नावाने माणसांची प्रतवारी करणाऱ्यांना आपल्याकडच्या एका बाईने फार आधी आकड्यांनी उत्तर दिलं होतं. इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांच्या कवटीचं असमान असणं हे त्यांच्या श्रेष्ठपणाचं लक्षण, अशी गुरूची अटकळ. कर्व्यांच्या मोजमापात असमानपणाचा वंशाशी संबंध निघालाच नाही आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. त्याच कर्व्यांनी पुढे पश्चिम खानदेशातल्या भिल्लांचा अभ्यास केला.

तरी समज जात नाहीत. 2016 साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधनात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना 'काळ्यांची कातडी जाड असते' अशांपैकी निदान एक तरी खोटी समजूत खरी वाटत होती. अशा समजुती असणारे काळ्या रुग्णाच्या वेदना कमी धरत आणि उपचारही कमी योग्य सुचवत. तो मुकादम मला इथे आठवतो.

आणि हेच जनुक न्यायालयातही वापरलं गेलं. जानेवारी 2006 मध्ये फ्लोरिडात मार्टिन ली अँडरसन हा 14 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा किशोरांच्या शिस्त-छावणीत रक्षकांच्या मारहाणीनंतर मरण पावला. पहिल्या शवविच्छेदनात कारण लिहिलं गेलं: सिकलसेलचा वाहक, नैसर्गिक मृत्यू. कुटुंब आणि समाज पेटून उठला. दुसरं शवविच्छेदन झालं आणि रक्षकांनी तोंड दाबून अमोनिया हुंगायला लावल्याने तो गुदमरला, असं निघालं. मारहाणीची चित्रफीत उपलब्ध होती, तरी 2007 साली ज्यूरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं. न्यूयॉर्क टाइम्सने 2021 साली अशी चाळीसहून अधिक प्रकरणं शोधली, जिथे कोठडीत मेलेल्या काळ्या माणसाच्या मृत्यूचा ठपका त्याच्याच रक्तावर ठेवला होता. रक्तविकारतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने त्याच वर्षी सांगितलं, की निव्वळ वाहक असणं हे मृत्यूचं कारण म्हणून लिहिणं वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे.

आपल्याकडे 2016च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरलं. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य 7 कोटी लोकांच्या तपासणीचं. तपासणी हवीच, पण तिच्यापुढे हायड्रॉक्सियुरियाची गोळी आहे. ती स्वस्त आहे, दुखण्याचे झटके कमी करते. मात्र रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. मोलगीकडच्या पाड्यावरून त्यासाठी नंदुरबार गाठायचं, तर दिवसाची मजुरी जाते. जनुकात फेरफार करणारा उपचार डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. किंमत 22 लाख डॉलर.

तो तरुण परवा तळोद्याच्या बाजारात भेटला. त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, आतलं सिकलसेलचं कार्ड मला दाखवलं आणि परत नीट घडी घालून ठेवलं. यंदा फडावर जाताना ते बरोबर नेणार आहे, म्हणाला. मुकादमाला दाखवायला.