वाऱ्याचा आडोसा आणि विश्वविजेत्याचा अंदाज

रस्त्यावरच्या सायकलिंगचं जागतिक अजिंक्यपद कोण जिंकणार, असं विचारलं की लोक पटापट नावं घेतात. मी आधी मार्गाचा नकाशा बघतो. चढ किती, रस्ता कुठे वळतो, वारा कुठून येतो. नावं त्यानंतर.

कारण भांडण मुळात हवेशी आहे. सपाटीवर ताशी ४० किलोमीटरने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. हवेच्या प्रवाहाचे अभ्यासक बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंचा घोळका अभ्यासला. घोळक्याच्या पोटात दडलेल्याला एकट्याच्या मानाने जेमतेम ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. म्हणून सपाट मार्गावर एकटा सुटलेला पहिलवानही बहुधा पकडला जातो.

चढावर वेग निम्मा झाला की हवेचा विरोध चौथ्या हिश्शावर येतो. आडोशाचा भाव पडतो आणि वजनाच्या दर किलोमागे किती वॅट ताकद, हा हिशेब सुरू होतो. तोही पाच तास पॅडल मारून झाल्यावरचा. ताज्या पायांचे आकडे इथे हमखास फसवतात.

पण सपाट म्हणजे सोपं, असंही नाही. २०१६ ला कतारमधल्या दोहात वाळवंटातला वारा आडवा होता. अशा वाऱ्यात आडोसा सरळ मागे मिळत नाही, तिरका मिळतो; तोही रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच. बाकीचे कडेला एका रांगेत वारा खात बसतात. बेल्जियमने नेमका तिथेच वेग वाढवला आणि घोळका फाटला. स्लोव्हाकियाचा पीटर सगान पुढच्या तुकडीत अगदी शेवटी कसाबसा शिरला, आणि जिंकलाही!

शिवाय इथे सगळे देशाच्या संघातून उतरतात आणि कानात रेडिओ नसतो. पुढे किती अंतर पडलंय, हे नीट कळतच नाही. २०२४ ला झ्युरिकमध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने शेवटच्या १०० किलोमीटरवरच हल्ला चढवला. पुढच्या तुकडीतला त्याच्याच देशाचा यान त्राटनिक थांबून मदतीला आला. मागे मात्र ‘आधी तू ओढ’चा खेळ रंगला. पाठलागात जो पुढे राहतो तो दमतो, फायदा मागच्याचा. मग ओढणार कोण? शेवटी पोगाचारच जिंकला, फरक उरला अवघ्या ३४ सेकंदांचा.

२०२५ ला रवांडातल्या किगालीत तर २६७.५ किलोमीटरमध्ये सुमारे ५,४७५ मीटर चढ होता. नकाशा बघूनच मी स्प्रिंटरांची, म्हणजे शेवटच्या सपाट धावेत वेग मारणाऱ्यांची, नावं खोडली होती. पोगाचार पुन्हा शंभरएक किलोमीटर आधी सुटला आणि जिंकला. शेवटच्या रेषेपर्यंत पोचले फक्त ३० जण.