पाझर तलाव ते प्लास्टिकचं शेततळं

हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या योजना अलीकडच्या, पण महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात पाण्यावर पैसा पडतोय तो पन्नासहून अधिक वर्षांपासून. फरक इतकाच, की आधी तो गावाच्या तलावावर पडायचा, पुढे ज्याच्या त्याच्या बांधाआड पडू लागला.

१९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं सांगतात, तेव्हा खायला नव्हतं, पण प्यायला होतं. दुष्काळी कामांवर लाखो लोक खडी फोडत होते, सुकडीवर, म्हणजे सरकारी मदतीतल्या पौष्टिक पिठावर, दिवस काढत पाणी जमिनीत मुरवणारे पाझर तलाव बांधत होते. त्यातून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ मिळालं. १९७७चा कायदा १९७९मध्ये लागू झाला. पैसा उभा राहिला तो पगारदारांच्या व्यवसाय करातून. मुंबईच्या पगारातून कोरडवाहू गावात तलाव, ही मांडणी आजही धाडसाचीच वाटते.

त्याच दशकात पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद, खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांचा. कौतुक सगळ्यांनी केलं, नियम फार थोड्यांनी उचलले.

मग बोअरच्या गाड्या आल्या. बोअरचा दर फुटावर, पाणी लागो न लागो. काळ्या पाषाणात पाणी धरायला जागा कमी, त्यामुळे शेजाऱ्याने खोल नेलं की आपलं आटतं आणि आपणही कर्ज काढून आणखी खाली जातो. २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरची मर्यादा आली खरी, पण त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळेपर्यंत २०१३ उजाडलं.

२०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ५० वाघिणींच्या फेरीत २५ लाख लिटर. त्याच वर्षी ‘मागेल त्याला शेततळे’ योजना निघाली, अनुदान ५० हजारांपर्यंत. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं, उतरत्या बाजू धरून, सुमारे २२ लाख लिटरचं, म्हणजे जवळजवळ एक आगगाडी. वाहून जाणारं पावसाचं पाणी त्यात अडावं, ही अपेक्षा. पण द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात अनेकांनी प्लास्टिक अंथरून ती विहीर-बोअरच्या पाण्याने भरली. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर उन्हात आलं, काही वाफ होऊन गेलं. बागायतदाराला दोष कसा द्यायचा? त्याचे लाखो रुपये झाडांत गुंतलेले. एक उन्हाळा चुकला तर बाग गेली. तोटा जातो तो शिवारातल्या बाकीच्यांच्या विहिरींवर, आणि तो कुठल्याच अनुदानाच्या फाइलीत चढत नाही.

‘जलयुक्त शिवार’ या राज्याच्या जलसंधारण मोहिमेवर ९,६३३ कोटी खर्चूनही भूजल पातळीवर फारसा परिणाम दिसला नाही, असं ‘कॅग’ने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०२०मध्ये नोंदवलं. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर २०१८मध्ये सुरू झालेल्या ‘पोकरा’ने, म्हणजे हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या कृषी प्रकल्पाने, गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी मिळतं आणि किती लागतं हे, आधी मांडायला लावला. तूट निघाली तर कुणाचं बोअर थांबवायचं, हे मात्र त्या प्रकल्पाच्या हातात नव्हतं.