लहान नगरांसाठी प्रादेशिक नियोजन साहाय्य (नाशिक जिल्हा)

ज्या नगरपरिषदांना, नगरपंचायतींना व ग्रामपंचायतींना स्वतःचा नगररचनाकार किंवा सर्वेक्षक नेमणे परवडत नाही, त्यांना जमीनवापर, रस्ते, पाणी, सांडपाणी आणि सार्वजनिक जागा यांचे नियोजन करता यावे म्हणून राज्य शासन, जिल्हा प्रशासन आणि प्रादेशिक संस्था यांच्याकडून मिळणारी तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर मदत म्हणजे प्रादेशिक नियोजन साहाय्य होय. या साहाय्याची दोन अंगे आहेत. गावाला त्याचा आराखडा तयार करून देणे हे पहिले, आणि एका गावाच्या हद्दीत सुटू न शकणारे प्रश्न शेजारच्या गावांसह एकत्र सोडवणे हे दुसरे. शासकीय यंत्रणेची बरीचशी शक्ती पहिल्या अंगावर खर्च होते. नाशिक जिल्ह्याची गरज मात्र दुसऱ्या अंगाची अधिक आहे.

मुंबई इलाख्यात १९१४ साली शासनाच्या सल्लागार सर्वेक्षकाचे कार्यालय सुरू झाले. त्यातूनच पुण्यात मुख्यालय असलेला आजचा नगररचना व मूल्यनिर्धारण विभाग वाढला. १९१५ च्या नगररचना कायद्याने शहराच्या एखाद्या भागापुरती योजना करण्याची सोय केली, तर १९५४ च्या कायद्याने संपूर्ण नगरपालिका क्षेत्राची विकास योजना करणे बंधनकारक केले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा त्यापुढे गेला : नगराच्या हद्दीबाहेरचा परिसर, तेथील शेतजमीन, रस्ते आणि जलस्रोत यांचा विचार करणारी प्रादेशिक योजना त्याने कायद्यात आणली. ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आलेला हाच कायदा आज नाशिक जिल्ह्यातील सर्व नियोजनाचा पाया आहे. लहान गावांना नियोजनासाठी वरून मदत देण्याची कल्पना इतरत्रही याच काळात रुजली. अमेरिकेत १९५४ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम ७०१ नुसार प्रारंभी २५ हजारांहून कमी वस्तीच्या गावांना राज्य शासनांमार्फत नियोजन अनुदान मिळू लागले. १९८१ मध्ये ते थांबले. त्या अनुदानावर सल्लागारांनी गावोगावी जवळपास एकाच साच्याचे आराखडे दिले आणि ते कपाटात पडून राहिले, अशी टीका तेथे झाली. ही टीका महाराष्ट्रातही गांभीर्याने वाचण्यासारखी आहे.

कायद्याच्या दृष्टीने नगरपरिषद स्वतःच नियोजन प्राधिकरण असते. विकास योजना करण्याचा इरादा जाहीर करणे, विद्यमान जमीनवापराचा नकाशा करणे, प्रारूप योजना प्रसिद्ध करून ३० दिवसांत हरकती व सूचना मागवणे, प्राधिकरणाचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ यांच्या नियोजन समितीपुढे सुनावणी घेणे आणि शेवटी योजना शासनाच्या मंजुरीसाठी पाठवणे, अशी ही लांबलचक वाट आहे. सिन्नर, सटाणा किंवा नांदगावसारख्या नगरपरिषदेच्या कार्यालयात मुख्याधिकारी आणि मोजकेच अभियंते यांच्या भरवशावर ही वाट चालणे अशक्य असल्याने प्रत्यक्ष काम नगररचना विभागाचे अधिकारी करतात. बांधकाम परवानगीच्या अवघड प्रकरणांत आणि रेखांकनाच्या, म्हणजे जमिनीचे भूखंड व रस्ते पाडण्याच्या नकाशाच्या, तपासणीतही त्यांचाच अभिप्राय घेतला जातो. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने बहुतेक राज्याला एकच नियमसंच दिला. त्यामुळे नियम लिहिण्याचा भार लहान नगरांवरून उतरला, परंतु पेठच्या डोंगरउतारावरील वस्ती आणि निफाडची काळ्या जमिनीवरील वस्ती यांतील फरक ओळखण्याचे काम स्थानिक पातळीवर शिल्लकच राहिले.

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक आहे. नाशिक व मालेगाव या दोन महानगरपालिका सोडल्या, तर उरलेली नागरी वस्ती मनमाड, येवला, सिन्नर, इगतपुरी, भगूर, त्र्यंबक, चांदवड, ओझर अशा नगरपरिषदांत विखुरलेली आहे. दिंडोरी, निफाड, कळवण, देवळा, पेठ व सुरगाणा या तालुक्यांच्या गावी नगरपंचायती झाल्या, त्या राज्य शासनाने तालुका मुख्यालयांना नागरी दर्जा देण्याच्या धोरणातून. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाल्याबरोबर नियोजनाची कायदेशीर जबाबदारी येते. ती पेलणारी माणसे आणि उत्पन्न मात्र त्याच दिवशी येत नाही.

जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरी परिसरात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नर या पर्जन्यछायेतील तालुक्यांत तो ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे पूर्वेकडील नगरांचे पाणी दुसऱ्याच्या हद्दीतून येते. मनमाड हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. रेल्वे जंक्शन म्हणून वाढलेले, ८० हजारांच्या वस्तीचे हे गाव वाघदर्डी धरणावर अवलंबून राहिले, आणि ते भरावे म्हणून पालखेड कालव्याच्या आवर्तनाची, म्हणजे ठरावीक पाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्याची, वाट पाहत आले. पाटोद्याच्या साठवण तलावातून पाणी उपसून वाघदर्डीत आणायचे आणि तेथून घरोघरी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने सोडायचे, हा तेथील कित्येक उन्हाळ्यांचा क्रम होता. दिंडोरी तालुक्यातील करंजवण धरणातून थेट जलवाहिनी आणण्याची योजना त्यातूनच पुढे आली. अशा प्रश्नात मनमाडचा विकास आराखडा कितीही काळजीने काढला तरी उपयोगाचा नाही, कारण उत्तर दिंडोरी, निफाड, चांदवड आणि येवला या तालुक्यांतील सिंचन, पिण्याचे पाणी आणि कालव्याची गळती यांच्या एकत्रित हिशेबात आहे. लासलगाव व विंचूरसह सोळा गावांची नांदूरमध्यमेश्वरवरील संयुक्त पाणीपुरवठा योजना हा असा हिशेब ग्रामपंचायतींनी मिळून मांडण्याचा प्रयत्न होय. कांद्याच्या बाजारपेठेमुळे लासलगावला नगराइतकी वर्दळ असूनही कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून तेथे संयुक्त योजना चालवायला लागणारे वीजबिल, दुरुस्ती व वसुली यांचे कौशल्य पुरवणे हेच खरे साहाय्य ठरते.

रस्त्यांचा प्रश्नही हद्द मानत नाही. समृद्धी महामार्ग सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून जातो. तो टप्प्याटप्प्याने खुला होत गेला तशी आंतरबदल चौकांच्या (महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जागांच्या) आसपासच्या शेतजमिनींवर प्लॉट पाडण्याची घाई वाढली. सिन्नरमध्ये नगरपरिषद, माळेगावची औद्योगिक वसाहत, मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि भोवतालच्या ग्रामपंचायती यांची हद्द शेजारी-शेजारी आहे; कामगार एकीकडे राहतो, कर दुसरीकडे भरला जातो आणि सांडपाणी तिसऱ्याच्या नाल्यात जाते. नाशिकभोवतालच्या गावांसाठी २०१७ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले, परंतु येवला, नांदगाव, सटाणा यांना अशी कोणतीही मधली संस्था नाही.

निधीच्या बाजूने पाहता लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची केंद्रीय योजना १९७९-८० मध्ये सुरू झाली. २००५ मध्ये तिची जागा पायाभूत सुविधांच्या नव्या योजनेने घेतली. राज्याचे नगरोत्थान महाअभियानही आहे. २०२१ च्या अमृत २.० अभियानात ५० हजार ते एक लाखाच्या आतील वस्तीच्या नगरांना भौगोलिक माहिती प्रणालीवर आधारित आराखड्यांसाठी साहाय्य ठेवले गेले. २०११ च्या आकड्यांनुसार मनमाड व सिन्नर या टप्प्यात येतात, येवला मात्र ५० हजारांच्या किंचित खाली राहते. लोकसंख्येच्या अशा रेषेपेक्षा नगराची गरज आणि कर्मचारीबळ हे निकष अधिक न्याय्य झाले असते.

या साहाय्याचा सर्वांत कच्चा दुवा आराखडा मंजूर झाल्यानंतर दिसतो. शाळा, बाग, बाजार, दवाखाना यांसाठी खासगी जमिनींवर आरक्षणे पडतात; नगरपरिषदेकडे भूसंपादनाचे पैसे नसतात; दहा वर्षे उलटल्यावर मालक १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. गावाची मोकळी जागा अशी कायमची हातून जाते. म्हणून आरक्षणे मोजकी ठेवणे, विकास हक्क हस्तांतरणाचा (जमिनीच्या मोबदल्यात पैशांऐवजी इतरत्र वापरता येणारा बांधकामाचा हक्क देण्याचा) पर्याय मालकाला समजावून सांगणे आणि भूसंपादनासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद करायला लावणे, यासाठी नगररचनाकाराने मंजुरीनंतरही नगरपरिषदेबरोबर राहायला हवे. सध्याच्या रचनेत त्याची नेमणूक आराखड्यापुरती असते.

खेड्यांसाठी चौदाव्या वित्त आयोगानंतर ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायत विकास आराखडे होऊ लागले, आणि गावठाणांच्या ड्रोन मोजणीमुळे घरांच्या हद्दी प्रथमच कागदावर आल्या. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेने खास संरक्षण दिलेल्या आदिवासी भागात, आहेत. तेथील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा केंद्रीय कायदा) भूसंपादनापूर्वी सल्लामसलतीचा हक्क दिला. त्याच तालुक्यांची मुख्यालये नगरपंचायती झाल्यावर मात्र हा आधार दुबळा झाला. राज्यघटनेच्या कलम २४३ यग नुसार नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही आणि त्यासाठी संसदेने वेगळा कायदा करायचा असतो. तसे विधेयक २००१ मध्ये मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. आरक्षण टाकताना आदिवासी कुटुंबाची जमीन कोणत्या सभेपुढे चर्चेला यावी, हे तोवर नगररचना अधिकाऱ्याच्या संवेदनशीलतेवर सोपवलेले राहते.

त्र्यंबकची स्थिती याहून निराळी आहे. बारा हजारांच्या आसपास कायम वस्ती असलेल्या या नगरपरिषदेला वर्षभर यात्रेकरूंचा आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळ्याचा भार सोसावा लागतो. त्या वेळी रस्ते, शौचालये व पाणी यांची कामे शासन उभारते, मात्र मेळा संपल्यावर त्यांची देखभाल पुन्हा त्याच लहान नगरपरिषदेच्या तिजोरीवर येते. गोदावरीचे उगमस्थान असलेल्या ब्रह्मगिरीच्या उतारांवरील बांधकाम नगरपरिषदेची हद्द ओलांडून आसपासच्या ग्रामपंचायतींत पसरत आहे. त्यामुळे डोंगर, कुशावर्त तीर्थकुंड, गावातले नाले आणि खालच्या अंगाची गावे यांचा एकच आराखडा करणे, आणि त्याच्या देखभालीचा खर्च राज्याने नियमित अनुदान म्हणून उचलणे, ही तेथील तातडीची गरज आहे.